रोप लावताना पहिलं खत: कोणतं, किती आणि मुळापासून किती अंतरावर

रोपवाटिकेतून आणलेलं टोमॅटोचं किंवा मिरचीचं रोप वाफ्यात लावलं, की पहिले आठ-दहा दिवस ते वरून आहे तसंच दिसतं. सगळं काम मातीखाली चालू असतं. ट्रेच्या खाचेत गुंडाळलेली मुळं नव्या मातीत शिरत असतात, पांढरी केसमुळं फुटत असतात. या दिवसांत मुळांना हाताशी काय मिळतं, यावर पुढचा हंगाम बराचसा ठरतो. शेतकरी ज्याला बेसल डोस म्हणतात ते लागवडीचं खत या दिवसांसाठी असतं. फुलं भरपूर यावीत, फळं पोसावीत यासाठी पुढे वेगळे हप्ते द्यायचे असतात.

घरच्या बागेत हे खत एकतर दिलंच जात नाही, नाहीतर मूठभर टाकलं जातं आणि रोप करपतं. एक गोष्ट नीट समजली की दोन्ही टळतं: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) या तिघांपैकी स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. खत निवडणं, मोजणं, ते कुठे टाकायचं हे ठरवणं, सगळं यावरून ठरतं.

स्फुरद आधीच का द्यायचं

युरिया पाण्यात विरघळतो आणि त्यातलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं. म्हणून तो महिन्याभराने वरून दिला तरी मुळांपर्यंत पोचतो. पालाश थोडा हळू, पण तोही सरकतो. स्फुरदाचं तसं नाही. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत ते कॅल्शियमला चिकटतं. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. टाकलेला दाणा विरघळला तरी त्यातलं स्फुरद त्या जागेपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर पसरतं. म्हणजे खत मुळाकडे जात नाही, मुळाला खतापर्यंत यावं लागतं. रोप उभं राहिल्यावर बुडाशी पसरलेलं सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं नेहमीचं दाणेदार खत, वरच्या थरातच अडकून पडतं. ते मातीखाली घालण्याची संधी एकदाच मिळते, लागवडीच्या वेळी.

याच काळात रोपाला स्फुरदाची गरजही सगळ्यात जास्त असते, कारण मुळं आखूड असतात आणि नवी मुळं वाढवायला स्फुरदच लागतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या टोमॅटोचं पान उलटून पाहा. थंडी कडक असेल तर शिरांवर जांभळट छटा दिसते. मातीत स्फुरद असूनही गार मातीत मुळं ते नीट उचलू शकत नाहीत, म्हणून असं होतं. हा रोग नव्हे, फवारणी करू नका. ऊन वाढलं आणि नवी पानं हिरवी आली तर काही करायची गरज नाही. थंडी सरल्यावरही जांभळेपणा राहिला, तर मात्र स्फुरद कमी पडतंय असं समजावं. अमेरिका-कॅनडात वसंतात भाजी लावणाऱ्या आपल्या माणसांनाही याच कारणाने लागवडीच्या खताचा फायदा जास्त दिसतो, कारण तिथली माती बराच काळ गार असते.

बियाण्याला मात्र सुरुवातीचे काही दिवस बाहेरचं खत लागत नाही. बियात फायटिनच्या रूपात स्फुरदाचा साठा असतो. रोपं घरी ट्रेमध्ये करत असाल तर पहिली खरी पानं येईपर्यंत खताचं नाव काढू नका.

आपली माती कोणती

जुनी परसबाग असेल, वर्षानुवर्षं शेणखत, कंपोस्ट, स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरत आला असेल, तर तिथे स्फुरद बहुधा पुरेसं साठलेलं असतं. अशा बागेत चार घमेली चांगलं कंपोस्ट टाकून लागवड केली तरी भागतं. नव्या घराभोवतीची भरावाची माती, मुरमाड जागा किंवा आतापर्यंत नुसतं गवत वाढलेला कोपरा असेल, तर तिथे लागवडीच्या खताने स्पष्ट फरक पडतो.

माती परीक्षण करून घेणं सगळ्यात चांगलं. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्रात ते होतं. नमुना नीट घ्या: बागेत पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. कंपोस्टच्या खड्ड्याशेजारची, झाडाच्या बुंध्याजवळची किंवा नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नये. अहवालात स्फुरद जास्त आलं तर या लेखातलं सुपर फॉस्फेट सरळ वगळा. जादा स्फुरदाने जस्त आणि लोहाचं शोषण अडतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही काळ्या जमिनीतली नेहमीची तक्रार त्याने वाढते. मुळांशी राहून लांबचं स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशीही अशा मातीत मंदावते.

चुनखडी आहे का, हे घरीही कळतं. वाळलेल्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे.

हे कळणं महत्त्वाचं, कारण बोनमील घ्यायचं की नाही ते यावरच ठरतं. रोपवाटिकेत फुलझाडापासून वांग्यापर्यंत सगळ्यांना बोनमीलची पिशवी देतात. हाडांच्या भुकटीतलं स्फुरद विरघळायला आम्ल माती लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या जांभ्या मातीत ते हळूहळू का होईना, उपयोगी पडतं. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र ते वर्षभर पडून राहिलं तरी भाजीला फारसं मिळत नाही. रॉक फॉस्फेटचंही, म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाच्या भुकटीचंही तेच. काळ्या मातीच्या माणसाने बोनमीलवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंधरा दिवस आधी: भरखत

लागवडीच्या दोन आठवडे आधी वाफा खणून चौरस मीटरला २ ते अडीच किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. गांडूळखत असेल तर अर्धा ते एक किलो पुरे. सोबत निंबोळी पेंड ५० ग्रॅम. पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असतं आणि ते हळूहळू सुटतं, म्हणून ती आधी मातीत जाऊन ओलाव्यात मुरलेली बरी.

शेणखत कच्चं असेल तर मात्र नकोच. त्याबरोबर हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीची, अंडी-अळ्या येतात आणि जून-जुलैत चांगलं उभं रोप अचानक मान टाकतं. उपटलं की खाली मुळं कुरतडलेली सापडतात. कच्च्या शेणातून गवताचं बीही येतं, ते कुजताना गरम होतं, आणि मुळा-गाजराला त्याने फाटे फुटतात. खत कुजलंय का हे पाहायचं सोपं आहे. हातात घेतल्यावर त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास यायला हवा, शेणाचा किंवा अमोनियाचा नाही. तरी शंका वाटली तर वाटीभर ओल्या खतात मोहरीचे दहा दाणे पेरा. चार-पाच दिवसांत बहुतेक उगवून हिरवे उभे राहिले तर खत वापरा. उगवलेच नाहीत किंवा उगवून पिवळे पडले, तर ढीग अजून महिनाभर झाकून ठेवा.

सुपर फॉस्फेट द्यायचं ठरलं असेल तर ते शेणखतात मिसळून देण्याची जुनी पद्धत फार चांगली. शेणखताच्या सान्निध्यात स्फुरद मातीला कमी चिकटतं आणि मुळांना जास्त दिवस मिळत राहतं.

चमच्यापर्यंत हिशेब

खताच्या पिशवीवरचे आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के सांगतात. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) १८:४६:०, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम नत्र आणि ४६ ग्रॅम स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं, शिवाय ११ टक्के गंधक आणि कॅल्शियमही. युरियात ४६ टक्के नत्र, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश.

आता भेंडी किंवा मिरचीची शिफारस घेऊ: हेक्टरी १००:५०:५० किलो. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणून एका चौरस मीटरला स्फुरद आलं ५ ग्रॅम. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के, म्हणजे ५ भागिले ०.१६, सुमारे ३१ ग्रॅम. पालाश ५ ग्रॅम, म्हणजे पोटॅश सुमारे ८ ग्रॅम. नत्र एकूण १० ग्रॅम, त्यातलं निम्मं लागवडीला म्हटलं तर युरिया ११ ग्रॅम. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा ९.३ चौरस मीटरचा असतो. त्याला सुपर फॉस्फेट २९० ग्रॅम, पोटॅश ७५ ग्रॅमच्या आसपास आणि युरिया १०० ग्रॅम झाला.

रोपागणिक पाहू. मिरची ६० बाय ४५ सेंटीमीटरवर लावली तर एका रोपाच्या वाट्याला ०.२७ चौरस मीटर जागा येते. म्हणजे सुपर फॉस्फेट ८ ग्रॅम, युरिया ३ ग्रॅम, पोटॅश २ ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजलं तर सुपर फॉस्फेट दीड चमचा, युरिया पाऊण चमचा आणि पोटॅश अर्ध्या चमच्याहून थोडं कमी. लोक एका रोपाला मूठभर टाकतात ती मूठ केवढी मोठी होते, ते यावरून दिसेल. चमचा मात्र खतासाठी वेगळाच ठेवा, परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

घरच्या बागेत मी लागवडीच्या दिवशी युरिया आणि पोटॅश सुचवत नाही. भरपूर शेणखत आणि पेंड घातली असेल तर पहिल्या तीन आठवड्यांपुरतं नत्र त्यात असतं आणि पालाशही येतो. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत पालाश मुळातच चांगला असतो. लागवडीला शेणखतात मिसळलेलं सुपर फॉस्फेट द्यावं, युरिया नंतर.

सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी चालेल का, हे बरेच जण विचारतात, कारण ते सहज मिळतं. चालतं, पण प्रमाण निम्म्याहूनही कमी लागतं: चौरस मीटरला ११ ग्रॅम. त्याचा दाणा विरघळताना आजूबाजूची माती काही काळ अल्कधर्मी होते आणि अमोनिया सुटतो. चुनखडीच्या मातीत हा त्रास जास्त. बियाला किंवा कोवळ्या मुळाला दाणा टेकला तर टोक जळतं. डीएपी वापरायचंच असेल तर अंतराची काळजी दुप्पट घ्या.

शहरात ५० किलोची गोणी कोण घेणार, हीही खरी अडचण आहे. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ आणि १२:६१:०० ही विद्राव्य खतं किलोच्या पुड्यात मिळतात. दहा-वीस रोपांच्या बागेला ती पुष्कळ दिवस पुरतात. पुडा उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात त्याचा दगड होतो.

लागवडीच्या दिवशी

आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्या. कोरड्या मातीत खत आणि रोप एकाच वेळी गेलं तर खताचे क्षार मुळातलं पाणी ओढून घेतात. लागवड ऊन कलल्यावर करावी.

खुरप्याने रोपाच्या गड्ड्यापेक्षा चार बोटं जास्त खोल खड्डा घ्या. मोजलेलं खत तळाशी टाका आणि खुरप्याच्या टोकाने तिथल्याच मातीत कालवा. त्यावर दोन इंच नुसती माती किंवा मातीत मिसळलेलं कंपोस्ट घाला. ही मधली गादी विसरू नका. त्यावर रोप ठेवा, कडेने माती लोटून बोटांनी हलकं दाबा. आठवड्याभरात मुळं खाली उतरतात तेव्हा खत विरघळून मातीत बसलेलं असतं. मिरची-वांगं ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल लावा. टोमॅटो थोडा जास्त खोल गेला तरी चालतो, त्याच्या खोडाला मुळं फुटतात.

बी टोकत असाल, म्हणजे भेंडी, गवार, काकडी, तर खत बियाच्या खाली ठेवू नका. आधी चार इंच खोल रेघ ओढून त्यात खत पसरा आणि बुजवा. मग तिच्यापासून दोन इंच बाजूला दुसरी उथळ रेघ ओढून त्यात बी टोका. खत बियापेक्षा दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली राहिलं पाहिजे. बियाचं पहिलं मूळ सरळ खाली जातं, त्याला खत लागत नाही. बाजूची मुळं फुटली की ती खताशी पोचतात.

विद्राव्य खत वापरायचं तर एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम १२:६१:०० विरघळवा, म्हणजे जेमतेम पाऊण चमचा. लावलेल्या प्रत्येक रोपाच्या बुडाभोवती या पाण्याचा एक कप, साधारण २०० मिली, सावकाश ओता. याला आळवणी म्हणतात. लागवडीनंतरच्या पहिल्या पाण्याऐवजी हेच द्यायचं. चुनखडीच्या मातीत हे खत मला सगळ्यात योग्य वाटतं, कारण त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं आणि मूळ जिथे आहे तिथेच स्फुरद पोचतं. आठ दिवसांनी हवं तर १९:१९:१९ची अशीच एक आळवणी करा. त्याच बादलीत कॅल्शियम नायट्रेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट मिसळू नका, पांढरा साका तळाशी बसतो आणि खत वाया जातं. खाली सुपर फॉस्फेट घातलं असेल तर ही आळवणी ऐच्छिक आहे. दोन्ही पूर्ण प्रमाणात नकोत.

रासायनिक काहीच नको असेल तर गांडूळखत, निंबोळी पेंड आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, हा संच चांगला. पीएसबीच्या पाण्यात रोपांची मुळं पंधरा मिनिटं बुडवून लावा. जिवाणूखत आणि रासायनिक खत एकत्र कालवू नका. जीवामृताने (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रावणाने) मातीतले सूक्ष्मजीव वाढतात, ते जरूर द्यावं. पण त्यात स्वतःचं स्फुरद अगदी थोडं असतं, म्हणून नव्या, हलक्या जमिनीत केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

कुंडी आणि ग्रो बॅग

गच्चीवर हिशेब बदलतो, कारण मुळाला पळायला जागा नसते आणि क्षार तिथेच साठतात. माती, धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत हे तिन्ही सारख्या मापाने घ्या. कोकोपीट पाण्यात भिजवून दोनदा पिळून काढल्याशिवाय वापरू नका, त्यात मूळचं मीठ असतं. सुपर फॉस्फेट एका लिटर मिश्रणाला १ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या बादलीला १५ ग्रॅम, सगळीकडे सारखं मिसळून. निंबोळी पेंड एक लहान मूठ. डीएपी कुंडीत नकोच. आळवणीचं द्रावण इथे लिटरला २ ग्रॅम पुरे, आणि तळाच्या भोकातून पाणी मोकळं वाहतंय हे आधी बघून घ्या.

कोणत्या भाजीला किती

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांना लागवडीचं खत सर्वात जास्त मानवतं. कांदा-लसणाला सुपर फॉस्फेटमधलं गंधक उपयोगी पडतं. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ या तीस-चाळीस दिवसांच्या पालेभाज्यांना चांगलं कंपोस्टच पुरतं.

वाल, चवळी, घेवडा, गवार या शेंगभाज्यांना स्फुरद द्या, नत्र देऊ नका. मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. आयतं नत्र मिळालं तर गाठी कमी होतात. गुळाच्या पाण्यात रायझोबियम, म्हणजे याच गाठींतल्या जिवाणूंचं खत, कालवून बियाला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

कोकणात पावसाळी भाजी गादीवाफ्यावरच लावावी. धो-धो पावसात लागवडीला दिलेला युरिया चार दिवसांत वाहून जातो, म्हणून तिथे नत्र उघडीप पाहून थोडं थोडं द्यायचं. भात काढल्यावर होणाऱ्या वायंगणी भाजीला ही अडचण नसते.

करपलं तर

माती ओली असूनही रोप दुपारी मान टाकतं, पानाच्या कडा तपकिरी होऊन वाळतात, मातीवर पांढरी साय धरते: ही खत जास्त झाल्याची लक्षणं. अशा वेळी वर आणखी काही टाकू नका. वाफ्याला दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या. कुंडी असेल तर तिच्या मापाच्या दोन-तीनपट पाणी हळूहळू ओतून खालून काढून टाका. दोन दिवस सावली धरा. नवा शेंडा हिरवा आला तर रोप वाचलं. खोडाचा तळ मऊ किंवा काळा पडला असेल तर ते काढून शेजारी नव्या जागी दुसरं लावा, त्याच खड्ड्यात नको.

नत्राचा पहिला हप्ता लागवडीनंतर तीन आठवड्यांनी, रोपाने नवी चार-पाच पानं काढल्यावर द्यावा. चौरस मीटरला युरिया १० ते ११ ग्रॅम, खोडापासून चार बोटं लांब गोल रेघ ओढून त्यात पसरायचा, मातीने झाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. मातीवर उघडा राहिलेला युरिया, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत, अमोनिया होऊन हवेत उडून जातो. पुढचा तेवढाच हप्ता फुलं धरू लागल्यावर.